खबर दिली नाही

बांध फुटला त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास माझा शेजारी माझ्या अंगणात आला होता, आणि बांधाला कुठे पाझर लागलाय ते त्याने मला सांगितलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोलिसांना नाही, गावात तर नाहीच. कागदावर मी ह्याच्या बरोबर उलट लिहून दिलं आहे. अक्षर माझं, सही माझी.

सहा वर्षं झाली. ह्या सहा वर्षांत माझी झोप उडाली वगैरे असं काही नाही. झोप लागते, जेवण जातं, कंपनीत हजेरी चोख आहे. मुलीचं लग्न झालं, वरातीत नाचलोसुद्धा. लोक म्हणतात मन खातं. मला तसं काही होत नाही. दाढेचं मूळ मेलं की गरम-गार काही कळत नाही, तसं आहे. दुखलं असतं तर कदाचित केव्हाच बोललो असतो.

नावं लिहिणार नाही. गावाचंही नाही. पेणहून गडबच्या अंगाने निघालं की हायवेच्या खाडीकडच्या बाजूला आमच्यासारखी पाच-सहा गावं आहेत, त्यातलं एक. आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध. तो आहे म्हणून भात आहे. बांधाला एक लाकडी दरवाजा असतो, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला उघडतो, पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला मिटतो. बांधाला भगदाड पडलं तर त्याला खांड म्हणतात. खांड गेली की खारं पाणी सगळ्या शिवारात, आणि मग पुढची तीन-चार वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही.

हे एवढं सांगावं लागतं, कारण आमच्याकडे जे झालं ते ह्या बांधामुळे झालं. एकाने आपल्या वाटणीच्या बांधाकडे दुर्लक्ष केलं तर बुडतात सगळे. त्यामुळे 'माझी मर्जी' हा शब्द आमच्या गावात कोणी उच्चारत नाही. लहानपणापासून सवयच नाही.

मी नुकताच रोह्याच्या कंपनीत लागलो होतो तेव्हा एक मोठी खांड गेली. दोन पावसाळे शेत खाऱ्या पाण्याखाली होतं. सरकारी कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर जात होते. गावात रोज भांडणं, कोणाच्या वाटणीत खांड गेली, कोणाच्या बापाने माती चोरली. आणि मग एक माणूस उठला. त्याला आम्ही सगळे काका म्हणायचो, अजूनही म्हणतो. एका कॉन्ट्रॅक्टरकडे ते मुकादम होते. त्यांनी कुठून तरी पोकलेन आणला, बार्ज आणला, घराघरातून माणूस काढला आणि अकरा दिवस स्वतः कमरेएवढ्या चिखलात उभे राहिले. काकी भाकरी घेऊन बांधावर जायची. काकांच्या पायांना इतक्या भेगा पडल्या होत्या की रक्ताने चिखल लाल दिसायचा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की एका लबाड माणसाने आम्हाला फसवलं. आम्हाला कोणी फसवलं नाही. खांड त्यांनी खरंच बुजवली.

त्यानंतर देवळात सभा झाली. बायका रडत होत्या, म्हातारे काकांच्या पाया पडत होते. कोणीतरी म्हणालं, काय तरी लेखी करूया. गावात बी. कॉम. झालेला मी एकटा. मी लिहिलं: 'बांध पक्का होईपर्यंत बांधाच्या कामी काका सांगतील ते सर्वांनी मानावे.' सगळ्या घरांच्या सह्या, अंगठे. मातीचा बांध कधीच पक्का होत नाही. दर पावसात खचतो, खेकडे बिळं करतात, लाटा तळ खातात. हे त्या देवळात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते वाक्य कोणाला खटकलं नाही. लिहिताना मलाही नाही.

मग एकेक होत गेलं. बांधाच्या कामाला घरटी एक माणूस हवा. त्या दिवशी गावात लग्न असेल तर माणूस येणार कसा? म्हणून लग्नाची तारीख आधी काकांना विचारायची. बांधावर कोण येतो, कोण दांडी मारतो हे काकांना पाठ, मग कंपन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कामाला लावायला माणसं तेच निवडणार, दुसरं कोण निवडणार? मांडवाची भांडी देवळात, देवळाची किल्ली काकांकडे. कोणाच्या घरी सोयरीक जमत नसली तर काका मधे पडायचे आणि जमवून द्यायचे. माझीही त्यांनीच जमवली. प्रत्येक पायरी समजण्यासारखी होती. कुठल्याच पायरीवर माणसाने थांबून म्हणावं की आता पुढे नाही, असं काही नव्हतं.

मोबाइल आले तसा ग्रुप निघाला. चालवायचं काम अर्थात माझ्याकडे. रोज सकाळी काकांचा एक मेसेज पडायचा. भरतीची वेळ, बांधाची पाळी कोणाची, देवळात काय आहे. खाली प्रत्येक घराने अंगठा टाकायचा. नऊच्या आत. अंगठा टाकला नाही तर काही शिक्षा नव्हती. फक्त संध्याकाळी काका मला विचारायचे, "आज कोण कोण झोपलं होतं?" आणि मी सांगायचो.

त्यात गमतीही व्हायच्या. एका म्हाताऱ्याने एकदा अंगठ्याच्या जागी रडणारं तोंड टाकलं. मेसेज होता देवीच्या पालखीचा. अर्ध्या तासात त्याच्या ओटीवर सात-आठ माणसं.

"आबा, पालखी निघाली नि तुमी रडताव कशाला?"

"मी कुटं रडतोय? मी चष्मा शोधतोय!"

"मंग ह्यो कोण रडतोय?"

"मला वाटलं घाम पुसतोय त्यो."

सगळे हसले. म्हातारा पण हसला. पण नंतर त्याने फोन नातीच्या हातात दिला आणि परत कधी स्वतः बोट लावलं नाही. मी ते पाहिलं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

कंपनीत माझ्याबरोबर एक फिटर आहे. मुसलमान, रोह्याजवळच्या गावातला, चौदा वर्षं आखातात काढून आलेला. जेवणाच्या सुट्टीत मी नऊ वाजायच्या आधीचे अंगठे मोजायचं राहिलं म्हणून फोन काढून बसायचो, ते बघून तो म्हणायचा, "काय रे, तुमच्या गावाला राजा हाय काय?"

"राजा कसला? काका हायत."

"मी होतो तिकडं राजाचा फोटो दुकानात लावायला लागायचा. तुमचा हाय का फोटो?"

"नाय."

"फोनवर राजाचं नाव घ्यायची चोरी. आम्ही 'मोठा दुकानदार' म्हणायचो. दुकानदाराने दर वाढवला, दुकानदार आजारी हाय. तुमी काय म्हणता?"

"आम्ही कशाला काय म्हणू? आम्ही बोलतच नाय त्यांच्याबद्दल."

त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तुमचं आमच्यापेक्षा पुढं गेलंय." आणि डबा माझ्याकडे सरकवला, सुरमई घे म्हणाला.

आता शेजाऱ्याचं. आमच्या दोघांची भिंतीला भिंत. शाळेत एका बाकावर. तो शिकला नाही, मिठागरावर गेला, मग शेती. बोलायला कमी. बांधावर त्याची नजर सगळ्यात तयार. नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगायचा, इथं आतून पोखरलंय. एका सभेत काका पुढच्या वर्षीच्या पाळ्या वाचून दाखवत होते, तेव्हा तो मागून उभा राहिला. काही तावातावाने नाही. टोपी हातात होती.

"काका, एक इचारू?"

"इचार की."

"खांड बुजून बावीस वर्सं झाली. बांध उभा हाय. मंग त्यो ठराव अजून कवापर्यंत?"

बस, एवढंच. काका हसले. म्हणाले, "चांगलं इचारलंस. बस." आणि पाळ्या पुढे वाचायला लागले. सभा संपल्यावर मी देवळाचे पंखे बंद करत होतो तेव्हा ते माझ्याजवळ आले. "त्याला ग्रुपचा तरास होत असंल," म्हणाले. "रोज रोज मेसेज. काढून टाक त्याला." मी तिथंच, पंख्याच्या बटणाजवळ उभा राहून, त्याचा नंबर काढला. एका बोटाचं काम.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कोणी बोललं नाही. कोणी सांगितलं नव्हतं. वाळीत टाकलं हा शब्द आमच्या गावात कोणी तोंडातून काढत नाही. त्याला कायदा आहे, शिक्षा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा पोलीस आले होते विचारायला. त्याच्या बायकोने तक्रार दिली होती की गिरणीवाला दळण घेत नाही. गिरणीवाला म्हणाला, "घेतो की. लाइट नसते त्याला मी काय करू?" आणि पोलिसांसमोर तिचं दळण घेतलं, दळून दिलं, वर म्हणाला, "वहिनी, रोज येत जा." पोलीस गेल्यावर लाइट पुन्हा गेली.

मला कोणी काही सांगितलं नाही. मीही बोलणं बंद केलं. भिंतीला भिंत होती. त्याच्या घरातली भांडी पडली की मला ऐकू यायची.

आमच्याकडे अशा बोलणं तुटलेल्या घरात काही सांगायचं झालं, किंवा त्या घरातल्याला दुसऱ्या कोणाला सांगायचं झालं, तर एक पद्धत आहे. सांगणारा माणसाकडे बघून बोलत नाही. गाईला सांगतो, झाडाला सांगतो. ऐकणारा तिथं उभा असतो, पण त्याच्याशी कोणी बोललेलं नसतं. उद्या कोणी विचारलं तर शपथेवर सांगता येतं, माझ्याशी नाही बोलला. दोन्ही बाजू सुटतात. जुनं आहे हे, माझ्या आजीनेसुद्धा केलेलं.

बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. बांध फुटला त्या दिवशी श्रावण संपत आला होता, अमावास्येचं उधाण होतं. मी अंगणातल्या नळावर दात घासत होतो. शेजारी आला, फाटकापाशी थांबला, आणि माझ्या मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवून बोलायला लागला.

"ऐक गो गाडी. उघाडीपासनं दक्षिणेला तीस-चाळीस पावलांवर पाझर लागलाय. खेकड्याचं बीळ व्हतं, आता मूठभर झालंय. पाणी गढूळ येतंय, म्हंजे आतली माती निघाली. दुपारची भरती मोठी हाय. दहा माणसं आली नि गोणी घातल्या तर ऱ्हाईल. एकट्याचं काम नाय."

मग तो थांबला. गाडीकडेच बघत होता. मी तोंडातला फेस थुंकला. समोरच्या घराच्या खिडकीत म्हातारी उभी होती. आमच्या आळीत काय होतं ते काकांच्या ओटीवर पहिलं तिच्याकडून पोचतं, असं सगळे धरून चालायचे. मी नळ मोठा सोडला, पाण्याचा आवाज झाला. मी त्याच्याकडे पाठ करून चूळ भरत राहिलो. बऱ्याच वेळाने वळलो तेव्हा फाटक लावलेलं होतं.

मी काय करू शकत होतो ते मी अनेकदा तपासलं आहे. काकांना सांगता आलं असतं. पण काकांनी पहिलं विचारलं असतं, तुला कोण बोललं? स्वतः बांधावर जाऊन बघून आलो म्हणता आलं असतं. पण कामावर जायच्या वेळेला मी बांधावर कशाला गेलो, हे कोणालाही पटलं नसतं. आमच्या गावात एखादी गोष्ट माहीत असणं म्हणजे ती कोणाकडून तरी ऐकलेली असणं, आणि कोणाकडून ते सांगावं लागतं. मी फोन काढून ग्रुपवर लिहिलं, 'उघाडीजवळ पाझर असल्यासारखं वाटतं.' ते वाचलं. पुसून टाकलं. मग त्या दिवसाच्या मेसेजखाली माझा अंगठा टाकला, कपडे केले आणि रोह्याला गेलो.

दीडच्या सुमाराला फोन यायला लागले. मी चारला परत पोचलो तोवर भरती उतरत होती, पण शिवारभर पाणी. भात पोटरीला आलेला होता, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. पाण्यावर नुसते शेंडे. खांड तीस फुटांची. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, की शेजारी सकाळपासून बांधावर होता. फावडं घेऊन. तो एकटा गोणी भरून पाझर बुजवायचा प्रयत्न करत होता. गोणी वाहून गेल्या. फावडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पंचनामा झाला. तलाठी होता, एक हवालदार होता. काका खुर्चीवर बसले होते. त्यांनी कोणावर आरोप केला नाही. फक्त विचारलं, "बांधावर फावडं घेऊन कोण व्हतं?" दहा जणांनी उत्तर दिलं. तलाठ्याने कागद पुढे केला आणि काका मला म्हणाले, "तू लिव. तुझं अक्षर चांगलं."

मी लिहिलं: 'सदर इसम काल रोजी सकाळपासून फावड्यासह बांधावर वावरताना अनेकांना दिसून आला.' हे वाक्य मला सांगितलेलं होतं. त्याच्यापुढे मी लिहिलं: 'बांधास धोका असल्याबाबत त्याने गावातील कोणासही खबर दिली नाही.'

हे दुसरं वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी नाही, तलाठ्याने नाही. ते माझं आहे. उद्या तो म्हणाला असता की मी खबर दिली होती, तर प्रश्न आला असता, कोणाला? तो प्रश्न येऊ नये म्हणून मी आधीच दार लावून घेतलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही त्या कागदात.

हवालदाराने तो मोठ्याने वाचला. शेजारी देवळाच्या पायरीखाली उभा होता, पाय अजून चिखलाचे.

"काय रे, खबर दिली होतीस का कोणाला?" हवालदाराने विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा सरळ तोंडाकडे बघितलं. मी कागदावरची शाई फुंकत होतो. त्याने नुसतं माझ्याकडे बोट केलं असतं तरी माझं घरही ग्रुपमधून गेलं असतं. माझी मुलगी तेव्हा लग्नाची होती. हे त्याला ठाऊक होतं.

"नाय दिली," तो म्हणाला.

"का नाय दिली?"

"देनार कोनाला? माज्याशी बोलतंय कोन?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हवालदार म्हणाला, "हे नको लिहू," आणि मी ते लिहिलं नाही.

त्याच्यावर केस झाली, बांध फोडून गावाचं नुकसान केल्याची. दसऱ्यानंतर ती दोघं रोह्याला गेली. तिथं तो एका गोडाऊनवर वॉचमन आहे, बायको स्टेशनजवळच्या खानावळीत भाकऱ्या थापते. मी रोज रोह्याला जातो. त्या रस्त्याने जात नाही. पंधरा मिनिटांचा फेरा पडतो.

समोरची म्हातारी दोन वर्षांनी गेली. बाराव्याला तिची सून भांडी घासता घासता माझ्या बायकोशी बोलत होती, मी ओटीवर बसून ऐकलं. म्हातारी म्हणे त्या दीड वर्षात रोज शेजाऱ्याच्या परड्यात काही ना काही ठेवायची. कोंबड्यांशी बोलायची. "आज सुकटीचं कालवण उरलंय गो, इथं ठेवते, मांजराने खाल्लं तर खाऊंदे," असं म्हणायची आणि वाटी कुंपणावर ठेवून यायची. आणि हे करताना ती माझ्या घराकडे बघून घ्यायची. मी बघत नाही ना म्हणून. ग्रुप चालवणारा मी होतो. काकांना सगळं सांगणारा मीच, असं ती धरून चालली होती. त्या सकाळी ती खिडकीत माझ्यावर नजर ठेवायला उभी नव्हती. मी कधी जातो ह्याची वाट बघत होती.

हे ऐकून मी उठलो आणि हात धुवायला गेलो. माझे हात स्वच्छ होते, जेवण व्हायचं होतं. का गेलो माहीत नाही.

गेल्या वर्षी रोह्याच्या एसटी स्टँडबाहेर शेजाऱ्याच्या बायकोने मला गाठलं. मी मुलीसाठी आंबे घेत होतो.

"काय दादा, रोह्यात पण बोलायचं नाय काय? हितं कोनचा काका हाय?"

मी म्हटलं, कशी आहेस.

"हाय ना. तारखा चालल्यात. दर तारखेला पेणला जायाचं, बसायचं, परत यायाचं. तू बी साक्षीदार हायस ना? वकील म्हनत व्हता." ती आंबा उचलून वास घेत होती, जशी काही गिऱ्हाईकच. "एक इचारते. त्यो म्हनतो मी खबर दिलेली. म्हटलं कोनाला? तर म्हनतो, गाडीला." ती हसली. "म्हटलं डोस्कं फिरलंय म्हाताऱ्याचं. तुला काय ठाव हाय?"

"नाय," मी म्हणालो.

"तीच गाडी हाय का रं तुझी अजून?"

"नाय. ती विकली."

ती गाडी स्टँडच्या भिंतीपाशी लावलेली होती, आमच्यापासून वीस पावलांवर. तिने तिकडे बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही. आंबा खाली ठेवला आणि म्हणाली, "हे पिकवलेलं हायत, पोरीला नको देऊस." आणि गेली.

आता जे लिहायचं ते सगळ्यात साधं आहे, पण तेच जड जातंय. काकांना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ओटीवर खुर्चीत बसवतात, तोंडातून लाळ येते, काकी पुसते. मुलगा परदेशात. पहिल्या आठवड्यात गावात सगळे गोंधळले होते. अंगठा कशावर टाकायचा कळत नव्हतं, लोक एकमेकांना विचारत होते. काकी मला म्हणाली, "ह्यांच्या मनातलं तुलाच कळतं. तू लिव." मी भरतीची वेळ लिहिली, पाळ्या लिहिल्या, खाली नेहमीसारखं 'काका' लिहिलं. नऊच्या आत सगळे अंगठे आले.

तेव्हापासून मीच लिहितो. लग्नाची तारीख विचारायला लोक काकांच्या ओटीवर येतात. काका डोळे मिटतात, उघडतात, आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी सांगतो. बहुतेक वेळा मी काका सांगायचे तेच सांगतो, मला दुसरं सुचत नाही. कोणाला कामावरून काढलेलं नाही, कोणाला ग्रुपमधून काढलेलं नाही. गरजच पडत नाही. पलीकडच्या वाडीतल्या एका सुनेने मध्यंतरी विचारलं होतं, ठराव कुठे आहे, बघायला मिळेल का. तिच्या सासऱ्यानेच तिला गप्प केलं. मला कळलं तेव्हा मिटलंसुद्धा होतं.

मी विचार केला की हे सगळं थांबवायला काय लागेल. एक मेसेज लागेल. 'आजपासून अंगठा टाकू नये.' त्यावरही सगळे अंगठा टाकतील, हे मला ठाऊक आहे. पण शेजाऱ्याचं तसं नाही. ते गावाच्या हातात नाही, माझ्या एकट्याच्या तोंडात आहे. कोर्टातून मला दोनदा बोलावणं आलं. एकदा मी ताप असल्याचं सर्टिफिकेट दिलं, एकदा कंपनीत शटडाउन असल्याचं पत्र. डॉक्टर ओळखीचे आहेत. शेजारी दोन्ही वेळा आला होता, बाकावर बसला होता, मला त्याच्याच वकिलाने सांगितलं. इतकी वर्षं तो कोर्टात विचारलं की म्हणतो, मी बांध फोडला नाही. खबर कोणाला दिली विचारलं की गप्प बसतो. वकील वैतागलाय त्याच्यावर. म्हणतो, हा स्वतःच स्वतःला बुडवतोय.

हे इथं लिहिलं म्हणजे काही फिटलं, असं मी समजत नाही. ह्यात नावं नाहीत, उद्या कोणी विचारलं तर हा मी नव्हेच म्हणायची सोय मी ठेवलेली आहे, आणि ती मी जाणूनबुजून ठेवली आहे.

मी त्याला एक साक्ष देणं लागतो. पेणच्या कोर्टात, उभं राहून, माझं पूर्ण नाव सांगून: त्याने सकाळी सात वाजता खबर दिली होती, मला दिली होती, मी ऐकली होती, आणि पंचनाम्यातलं ते वाक्य खोटं आहे, ते मी माझ्या मनाने लिहिलं. पुढची तारीख ह्याच महिन्यात आहे. ती साक्ष मी अजून दिलेली नाही.